बोलणे स्वस्त, ऐकणे महाग!

पिंपरी-चिंचवड ते चाकण : घरोघरच्या रिचार्जचा जमाखर्च

दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी नवी वही घालतो आणि त्याच सुमारास घरची गृहिणीही मनातल्या मनात वर्षाचा जमाखर्च मांडून पाहते. वाण्याचे किती झाले, दुधाचे किती, शाळेच्या फीचे किती, विजेच्या बिलाचे किती? तीस वर्षांपूर्वीच्या मध्यमवर्गीय वहीत जे कलम मुळी नव्हतेच, ते आज प्रत्येक घरात आहे. आणि एकदा नव्हे, तर घरात जितकी माणसे तितक्या वेळा आहे. ते कलम म्हणजे मोबाइलचे रिचार्ज.

हे रिचार्ज स्वस्त झाले की महाग, असा प्रश्न कोणाला विचारून पाहा. निगडीच्या प्राधिकरणात राहणारा आणि हिंजवडीला नोकरी करणारा तरुण म्हणेल, "स्वस्तच की! दिवसभर बोला, दिवसभर चित्रे पाहा, कोण मोजतो?" भोसरीच्या चाळीत राहणारे, कारखान्यातून निवृत्त झालेले आजोबा म्हणतील, "महाग हो! मी कोणाला फोन करतो? मुलीचा येतो तेवढा घेतो. त्याचे एवढे पैसे?"

वाचकहो, दोघांचेही म्हणणे खरे आहे. मोबाइलवर बोलण्याचा भाव गेल्या तीस वर्षांत जितका उतरला, तितका दुसऱ्या कोणत्याही वस्तूचा क्वचितच उतरला असेल. पण नुसता फोन चालू ठेवण्याचा, म्हणजे आलेला फोन ऐकण्याचा भाव गेल्या सात-आठ वर्षांत सतत चढत गेला आहे. हे असे का झाले आणि यात आपल्या घराचा हिशेब कसा बसवावा, हे पाहण्यासारखे आहे.

मिनिटाला सोळा रुपये!

भारतातील पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन केला. त्या काळी मिनिटाचा दर ८ रुपये ४० पैसे होता आणि गर्दीच्या वेळी तो १६ रुपये ८० पैशांपर्यंत जात असे. म्हणजे घरच्या माणसाशी दहा मिनिटे सुखदुःखाच्या गोष्टी केल्या, तर १६८ रुपये संपले! आणि गंमत अशी की, फोन करणाऱ्याप्रमाणे घेणाऱ्यालाही पैसे पडत. त्यामुळे मोबाइल बाळगणारे गृहस्थ फोन वाजला की आधी नंबर पाहत, तो तोडत आणि जवळच्या पिवळ्या पाटीच्या बूथवर जाऊन तिथून उलट फोन करीत. खिशातला फोन दाखविण्यासाठी आणि बूथवरचा बोलण्यासाठी, अशी ती वाटणी होती.

पुण्या-पिंपरीकडे ही सेवा १९९७ च्या सुमारास आली. येथील एक कंपनी बिर्ला आणि अमेरिकेतील एटी अँड टी यांच्या भागीदारीची होती. पुढे टाटाही त्यांना येऊन मिळाले, तेव्हा तिन्ही नावांची आद्याक्षरे जुळवून लोक तिला 'बटाटा' म्हणू लागले. २००२ मध्ये तिने 'आयडिया' हे नाव धारण केले आणि बटाटा इतिहासजमा झाला.

तोवर पिंपरी-चिंचवड ही मोठी उद्योगनगरी झालेली होती. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स पिंपरीला आली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्यानंतर पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी येथील शेतांत कारखान्यांचे भोंगे वाजू लागले. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. बजाजचा कारखाना १९९९ मध्ये चाकणला सुरू झाला आणि एके काळी केवळ कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे ते गाव मोटारी-स्कूटरींच्या नकाशावर आले. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आणि पुढे बिहार-उत्तर प्रदेशातूनही तरुण येथे येऊ लागले. आईबाप गावी, नोकरी येथे! अशा माणसाला फोनची गरज चैनीसाठी नसते, ती जिवाची असते.

मिस्ड कॉलचे सुवर्णयुग

या माणसांना मोबाइल परवडू लागला तो १ मे २००३ पासून. त्या दिवसापासून 'जो बोलावील, तो पैसे देईल' हे तत्त्व लागू झाले आणि येणारा फोन फुकट झाला. त्याच वर्षी रिलायन्सने ५०१ रुपये भरून फोन घरी न्यावा अशी योजना काढली. १ मार्च २००६ पासून भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम यांनी देशभर कोठेही एका रुपयात एक मिनिट हा दर आणला. ज्या एसटीडीसाठी लोक रात्रीच्या पाव दराची वाट पाहत बूथपुढे रांगा लावीत, ती एसटीडी रुपयावर आली.

याच सुमारास 'लाइफटाइम'च्या योजना निघाल्या. ९९९ रुपये एकदा भरा आणि आयुष्यभर फोन घेत राहा! 'आयुष्यभर' म्हणजे कोणाचे आयुष्य, असा प्रश्न चौकस माणसांनी विचारला, तेव्हा कळले की ते ग्राहकाचे नसून कंपनीच्या सरकारी परवान्याचे आहे. तरीही लोकांनी ते आनंदाने घेतले.

मार्च २००९ च्या अखेरीस चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा हा दर जाहीर केला. आधी बारा सेकंद बोलले तरी पूर्ण मिनिटाचे पैसे कापले जात; आता बारा सेकंदांचे बारा पैसे. इतर कंपन्यांनाही तोच मार्ग धरावा लागला. १९९५ मध्ये ज्या दहा मिनिटांना १६८ रुपये पडत, त्यांना आता ६ रुपये पडू लागले.

या काळाची खरी खूण म्हणजे मिस्ड कॉल. "पोचलो", "निघालो", "शिफ्ट सुटली", "गाडीत बसलो" हे सारे निरोप एका पैशाविना जात. एक वाजवणी म्हणजे अमुक, दोन म्हणजे तमुक, अशी सांकेतिक भाषा घराघरांतून ठरलेली असे. पानाच्या टपरीवर दहा रुपयांचे रिचार्ज मिळे आणि ज्याला फारसे बोलायचे नाही, त्याला ते पुष्कळ दिवस पुरे. आजोबांचा फोन वर्षभर चालू राही, खर्च जवळजवळ शून्य.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या बदलाची किल्ली तिच्यात आहे. आजोबा फोन करीत नसत, नुसते घेत. म्हणून ते कंपनीवर भार होते, असे कोणालाही वाटेल. तसे नव्हते. एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन केला, म्हणजे करणाऱ्याच्या कंपनीला घेणाऱ्याच्या कंपनीस मिनिटामागे काही पैसे द्यावे लागत. २००९ मध्ये हा आकार २० पैसे होता, २०१५ पासून तो १४ पैसे झाला. म्हणजे नाशिकच्या मुलीने दुसऱ्या कंपनीच्या फोनवरून भोसरीच्या आजोबांशी दहा मिनिटे गप्पा मारल्या, की आजोबांच्या कंपनीला घरबसल्या दीड-दोन रुपये मिळत. आजोबा फुकटे नव्हते. ते कंपनीला मिळवून देणारे ग्राहक होते!

पारडे फिरले

५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओ बाजारात उतरली आणि मार्च २०१७ पर्यंत तिने सारे काही फुकट दिले. त्यानंतर पैसे सुरू झाले, पण ते बोलण्याचे नव्हेत. बोलणे अमर्याद आणि पैसे इंटरनेटचे, अशी ती नवी रीत होती. त्याआधी एक जीबी इंटरनेटला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत. पुढे तोच भाव दहा रुपयांच्याही खाली आला. या लाटेत कितीतरी कंपन्या बुडाल्या किंवा विकल्या गेल्या. व्होडाफोन आणि आयडिया ३१ ऑगस्ट २०१८ रोजी एक झाल्या. २०१० च्या सुमारास डझनभर दुकाने असलेल्या बाजारपेठेत तीन खाजगी आणि एक सरकारी, एवढीच दुकाने उरली.

त्याच वेळी कंपन्यांनी परस्परांना द्यावयाचा तो आकार दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, १ ऑक्टोबर २०१७ पासून १४ पैशांवरून ६ पैशांवर आणला आणि १ जानेवारी २०२१ पासून तो पार काढून टाकला. झाले! आजोबांना आलेल्या फोनातून कंपनीला मिळणारे पैसे आटले. नुसता फोन घेणारा ग्राहक आता खरोखरच भार वाटू लागला.

२०१८ च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया यांनी फर्मान काढले : २८ दिवसांतून एकदा निदान ३५ रुपये भरा, नाहीतर सेवा बंद. 'लाइफटाइम' घेतलेल्यांची आयुष्ये तेथेच संपली. तेव्हापासून या किमान रकमेची चढण पाहा. एअरटेलचे उदाहरण घेतले, तर जुलै २०२१ मध्ये सर्वांत लहान रिचार्ज ७९ रुपयांचे झाले, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ९९ चे, २०२३ च्या आरंभीपर्यंत बहुतेक ठिकाणी १५५ चे आणि जुलै २०२४ मध्ये १९९ चे.

वर्षाचा हिशेब केला, म्हणजे हा फरक डोळ्यांत भरतो. २८ दिवसांच्या हिशेबाने वर्षात तेरा रिचार्ज लागतात.

३५ रुपयांप्रमाणे वर्षाचे झाले ४५५ रुपये.
९९ रुपयांप्रमाणे १,२८७ रुपये.
१९९ रुपयांप्रमाणे २,५८७ रुपये.

सहा वर्षांच्या आत साडेपाच पटींहून अधिक! न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, ३५ रुपयांत बोलण्यासाठी जेमतेम २६ रुपये ६६ पैसे मिळत, तर १९९ रुपयांत वाटेल तितके बोलता येते आणि थोडे इंटरनेटही मिळते. माल वाढला आहे, यात शंका नाही. प्रश्न एवढाच की, ज्याला तो माल नकोच आहे, त्याने काय करावे? भाजीवाल्याकडे कोथिंबिरीची एक जुडी मागावी आणि त्याने "पाटीच घ्यावी लागेल, पण पाटी फार स्वस्त आहे" म्हणावे, तशातला हा प्रकार झाला.

दर वर्षी येणारा अधिक महिना

आपल्या पंचांगात अधिक महिना साधारण तिसऱ्या वर्षी येतो. मोबाइलच्या पंचांगात तो दर वर्षी येतो! पगार वर्षात बारा वेळा होतो, घरभाडे बारा वेळा द्यावे लागते, पण रिचार्ज तेरा वेळा करावे लागते, कारण २८ गुणिले तेरा म्हणजे ३६४. चार आठवड्यांचा महिना, असे त्याचे समर्थन केले जाते. ग्राहकाला महिन्याचा भाव लहान दिसतो आणि वर्षाच्या शेवटी एक हप्ता जास्त गेलेला असतो, एवढे मात्र खरे. चाकणच्या संग्रामदुर्गात फिरंगोजी नरसाळ्याने १६६० मध्ये शाइस्तेखानाच्या सैन्याला पंचावन्न-छप्पन्न दिवस थोपवून धरले. आजच्या चाकणकराच्या भाषेत सांगायचे, तर दोन रिचार्ज संपेपर्यंत!

या तेराव्या महिन्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा ट्रायने २७ जानेवारी २०२२ रोजी आदेश काढला. प्रत्येक कंपनीने निदान एक योजना ३० दिवसांची आणि निदान एक योजना दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारी ठेवलीच पाहिजे, असा तो आदेश होता. अशा योजना आज असतात. पण टपरीवर "काका, नेहमीचे मारा" म्हटले की २८ दिवसांचेच पडते. मागितल्याशिवाय ३० दिवसांचे मिळत नाही. मागण्यासाठी ते आहे हे ठाऊक असले पाहिजे.

दुसरी अशीच गोष्ट दहा रुपयांच्या टॉप-अपची. दहा रुपये दिले, तर बोलण्यासाठी किती मिळतात? ७ रुपये ४७ पैसे. उरलेले गेले कोठे? दहा रुपयांत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. तो वजा जाता ८ रुपये ४७ पैसे राहतात. त्यातून एक रुपया कंपनीचा हाताळणीचा आकार. हा आकार तीन रुपयांपेक्षा अधिक नसावा, असा नियम असल्याने शंभर रुपयांच्या टॉप-अपला ८१ रुपये ७५ पैसे मिळतात. म्हणजे लहान नोटेला कात्री मोठी आणि मोठ्या नोटेला लहान. शिवाय मुख्य रिचार्जची मुदत संपलेली असेल, तर टॉप-अपची शिल्लक असूनही फोन मुका राहतो. हे अनेकांना अनुभवानेच कळते.

बारा मिनिटांची कसोटी

आता कोणाला परवडले आणि कोणाला नाही, हे ठरविण्याची एक सोपी कसोटी सांगतो. २००९ चा सेकंदाला एक पैसा हा दर आठवा. त्या दराने १९९ रुपयांत ३३१ मिनिटे बोलता आले असते. ती २८ दिवसांत वाटली, तर दिवसाला सुमारे बारा मिनिटे होतात. करांचा आणि महागाईचा सूक्ष्म हिशेब बाजूला ठेवून असे म्हणता येईल की, जो माणूस दिवसाला बारा मिनिटांपेक्षा अधिक स्वतःहून फोन करून बोलतो, त्याला आजचा भाव जुन्यापेक्षा स्वस्त आहे. जो त्याहून कमी बोलतो, तो दुसऱ्याच्या बोलण्याचे पैसे भरीत आहे.

निगडीच्या त्या तरुणाची बारा मिनिटे सकाळच्या चहाआधीच होतात. जुलै २०२४ मधील जिओची २९९ रुपयांची योजना घेतली, तर रोज दीड जीबीप्रमाणे २८ दिवसांत ४२ जीबी मिळत. म्हणजे जीबीला सव्वासात रुपयेही पडत नसत. त्याने कंपनीचे आभारच मानले पाहिजेत.

भोसरीच्या आजोबांची गोष्ट निराळी. कारखान्यांतील जुन्या कामगारांना कर्मचारी पेन्शन योजना १९९५ खाली निवृत्तिवेतन मिळते. त्याची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये ठरविण्यात आली आणि ती ७,५०० करावी, अशी मागणी पेन्शनर करीत आले आहेत. ज्याला एवढेच किमान वेतन मिळते, त्याचे वर्षाचे उत्पन्न झाले १२,००० रुपये, आणि फोन नुसता चालू ठेवण्याचे २,५८७. म्हणजे पाच रुपयांतला एक रुपयाहून अधिक! "मग फोन ठेवू नका" असे म्हणणे सोपे आहे. पण बँकेचा ओटीपी त्याच फोनवर येतो, आधारची खातरजमा त्यावरच होते, गॅसची नोंदणी त्यावरूनच होते. फोन ही आता केवळ बोलण्याची वस्तू राहिली नसून माणसाच्या ओळखीची चावी झाली आहे, आणि त्या चावीला भाडे आहे.

अशा घरांतून होणारा संवाद तुमच्याही कानांवर आला असेल :

"बाबा, तुमचं रिचार्ज संपलंय. मारू का?"

"राहू दे गं सूनबाई. पगार झाल्यावर बघू. मला कुठं बोलायचंय?"

"अहो, पण रेशनचा नाहीतर बँकेचा मेसेज आला म्हणजे?"

पगाराला आठ दिवस असतात. आठ दिवस आजोबांचा फोन मुका राहतो आणि मुलगी तिकडे काळजी करीत बसते.

तिसरे उदाहरण महाळुंगे, निघोजे, खराबवाडी येथे खोली घेऊन राहणाऱ्या कंत्राटी कामगाराचे. त्याच्या फोनात दोन सिम असतात, एक गावचे आणि एक येथे घेतलेले. याला कारण आहे. पूर्वी परराज्यात असताना आलेल्या फोनलाही रोमिंगचे पैसे पडत. भारत संचार निगमने जून २०१५ पासून ते माफ केले आणि एअरटेलने एप्रिल २०१७ पासून. तोवर येथले सिम येथल्यासाठी आणि गावचे सिम गावासाठी, ही काटकसर होती. रोमिंग गेले, पण गावच्या नंबरावर बँक, आधार आणि नातेवाईक जोडले गेले होते. तो टाकवत नाही. आज त्या दुसऱ्या सिमलाही किमान रिचार्ज लागते. कालची काटकसर आज दुप्पट खर्च होऊन बसली आहे.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि चाकण-भोसरीचे कारखाने बंद पडले, तेव्हा या भाड्याची खरी जाणीव झाली. हातात मजुरी नाही, गावी जायला गाडी नाही, आणि रिचार्ज संपलेले! ट्रायने कंपन्यांना प्रीपेड ग्राहकांची मुदत वाढविण्यास सांगितले. एअरटेलने आठ कोटी अल्प उत्पन्नाच्या ग्राहकांची मुदत १७ एप्रिलपर्यंत वाढविली आणि दहा रुपयांचे बोलणे दिले. संकटात केलेली ती चांगली गोष्ट होती. पण तिने हेही दाखवून दिले की, येणारा फोन चालू ठेवणे ही दिव्यासारखी, पाण्यासारखी गरज झालेली आहे.

कंपन्यांची बाजू

दुसरी बाजू न ऐकता निवाडा करू नये. कंपन्या म्हणतात, मनोरा उभारायला, त्याला वीज पुरवायला आणि सरकारकडून लहरी विकत घ्यायला प्रचंड पैसा लागतो, ग्राहक बोलो वा न बोलो. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी देण्यांच्या खटल्यात कंपन्यांविरुद्ध निकाल दिला आणि जुन्या बाक्यांचा डोंगर त्यांच्यावर कोसळला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दर एकदम वाढले. जगातील अनेक देशांच्या मानाने आपले दर आजही कमी आहेत, हेही खोटे नाही.

परंतु जुलै २०२४ च्या वाढीनंतर एअरटेलची ग्राहकामागची मासिक मिळकत २११ रुपयांवरून डिसेंबरअखेरच्या तिमाहीत २४५ वर गेली, हेही लक्षात ठेवले पाहिजे. सरासरीत निगडीचा तरुण आणि भोसरीचे आजोबा एकत्र मिसळून जातात. तरुणाला वाढ जाणवत नाही, आजोबांना जाणवते.

ट्रायला हे पटले असावे. २३ डिसेंबर २०२४ रोजी तिने नियम दुरुस्त केले. प्रत्येक कंपनीने इंटरनेटशिवाय केवळ बोलण्याची आणि संदेशांची एक तरी योजना ठेवावी, विशेष रिचार्जची मुदत ९० ऐवजी ३६५ दिवसांपर्यंत चालावी आणि दहा रुपयांचे टॉप-अप उपलब्ध असावे, असे तिने ठरविले. जानेवारी २०२५ मध्ये अशा योजना आल्या. एअरटेलने आधी ४९९ आणि १,९५९ रुपये सांगितले आणि काही दिवसांतच ते ८४ दिवसांना ४६९ आणि वर्षाला १,८४९ असे उतरविले. जिओने ८४ दिवसांना ४४८ आणि ३३६ दिवसांना १,७४८ ठेवले.

चांगले झाले, पण दोन उणिवा राहिल्या. एअरटेलची इंटरनेटसह वर्षाची योजना त्याआधी १,९९९ रुपयांना होती. म्हणजे सारे इंटरनेट काढून घेतल्यावर बचत झाली वर्षाला १५० रुपये! आणि दुसरी उणीव अशी की, या नव्या योजनांत २८ दिवसांची, खिशाला झेपेल अशी लहान योजना नव्हती. एकरकमी १,८४९ रुपये भरणाऱ्याला फोन दिवसाला ५ रुपये ७ पैशांना पडतो. १९९ प्रमाणे भरणाऱ्याला ७ रुपये ११ पैशांना. वर्षाचे गहू एकदम भरणाऱ्याला स्वस्त आणि रोज किलोभर आणणाऱ्याला महाग, हा आपल्या बाजाराचा जुनाच न्याय येथेही आला.

घरच्या कर्त्यांना चार सूचना

पहिली : रिचार्जची किंमत पाहू नका, तिला दिवसांनी भागा. रोजचा भाव हाच खरा भाव. पाच आणि सात रुपयांतला फरक लहान दिसतो, पण चार फोनांच्या घरात तो वर्षाला जवळजवळ तीन हजारांवर जातो.

दुसरी : घरातील प्रत्येकाला एकच योजना घेऊ नका. दिवसाला बारा मिनिटांची कसोटी लावा. ज्या वडीलधाऱ्यांना इंटरनेट लागत नाही, त्यांच्यासाठी केवळ बोलण्याची लांब मुदतीची योजना आहे का, हे नाव घेऊन विचारा. दर वारंवार बदलतात, म्हणून त्या दिवशीचा भाव पाहूनच पैसे द्या.

तिसरी : दुसरे सिम खरोखर लागते का, हे ठरवा. बँक आणि आधार एका नंबरावर आणा आणि मगच दुसरा सोडा. सोडलेला नंबर काही काळाने दुसऱ्याला दिला जातो, हे विसरू नका. कंपनी पसंत नसेल, तर २०११ पासून नंबर न बदलता कंपनी बदलता येते. तक्रारीसाठी १९८ हा फुकट क्रमांक आहे.

चौथी सूचना मुलांना आणि सुनांना. या दिवाळीत आईवडिलांना साडी-धोतर घ्यालच. त्याबरोबर त्यांच्या फोनाचे वर्षाचे रिचार्ज एकदम करून द्या. महिन्याला दोनशे रुपये मागताना म्हाताऱ्या माणसाला संकोच वाटतो, आणि म्हणूनच तो "मला कुठं बोलायचंय" असे म्हणतो. ते खरे नसते. त्याला बोलायचे असते. निदान तुमचा आवाज ऐकायचा असतो.

बाजाराने आता बोलण्याचे मोल जवळजवळ शून्य केले आहे आणि ऐकण्याला भाडे लावले आहे. घरात मात्र जो ऐकतो त्याचे मोल नेहमीच अधिक असते. तेव्हा पाडव्याला नव्या वहीत 'रिचार्ज' हे कलम लिहाल, तेव्हा पहिले नाव घरातल्या सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसाचे लिहा.